भासऱ्यांची बादली आणि रेणूचं पान

रेणू दिवसभर दार लोटून काय काम करते, हे मला कळलं तेव्हा मी हातातलं सूप खाली ठेवलं.

रेणू माझी नातीन, माझ्या लेकाची, गोवर्धनची पोरगी. गोंदियाला इंजिनीअरिंग केलं, दोन-चार वर्षं पुण्याला राहिली, आता इथंच नवेगाव बांधला घरून नोकरी करते. मला वाटायचं, पोरगी कॉम्प्युटरवर काहीतरी नवंनवं बनवत असेल. एका दुपारी ती चहा मांगायला बाहेर आली, तर मी विचारलं, "आज काय बनवलं वो?"

"काही नाही बनवलं. मी नवं बनवतच नाही, आजी. लोकाईनं लिवलेली जुनी उदाहरणं तपासते. चुकली असली तर सुधरवते."

"म्हणजे दुसऱ्याच्या चुका निस्तरतेस? आन त्याचा पगार भेटते?"

"भेटते."

"आन ज्यानं चुका केल्या त्याले?"

"त्यालेही भेटला होता."

का बाप्पा! आमच्या बांधीत कोणी धान वाकडं रोवलं तर त्याच बाईला उपटून पुन्हा रोवायला लावत. इथं वाकडं रोवणाराही पगारी, उपटणाराही पगारी.

पण खरं सांगायचं तर पोरीचा स्वभावच त्या कामाचा. लहानपणी नवा कुकर आणला, तर साऱ्यांनी कुकर पाहिला आणि हिनं त्याच्यासोबतचं पुस्तक वाचलं. मग अंजूला, म्हणजे आपल्या आईला, म्हणते, "तू पानी कमी टाकून राहिली." बाप धानाला फवारणी करायला निघाला की डब्यावरचं बारीक अक्षर वाचून त्याच्या मागं मागं बांधावर जायची. गोवर्धन चिडायचा, "तू फवार, मी शाळेत जातो." दवाखान्यातून गोळ्या आणल्या की आतला घडीचा कागद उलगडून पूर्ण वाचायची आणि मग मला एकेक दुखणं सांगायची, जे त्या गोळीनं होऊ शकतं. मी गोळी न घेताच अर्धी आजारी व्हायची.

तर तिचं काम असं. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना सगळं पहिल्यापासून करावं लागू नये, म्हणून कोणीतरी आधीच एक तयार सांगाडा बांधून ठेवलेला असतो. त्याला ते फ्रेमवर्क म्हणतात. तो कसा वापरायचा हे सांगणारी पानं असतात, पानांवर उदाहरणं असतात. सांगाडा बदलत जातो, पानं जुनीच राहतात. आणि लोक काय करतात, तर उदाहरण उचलतात आणि जसंच्या तसं आपल्या कामात टाकतात.

"न वाचता?" मी विचारलं.

"न वाचता."

"कोन लोक?"

"सारेच. तांदळाच्या मिलमधली मशीन चालवनारेही."

मी तोंडाला हात लावला. म्हणजे कुठंतरी कोणीतरी एक ओळ चुकीची लिहिली, की ती मिलमध्येही जाणार, आणखी कुठं कुठं जाणार, आणि हे निस्तरायला कोण, तर आमच्या घरची ही पोट्टी, जिला अजून भाकर गोल येत नाही.

तिच्या वाट्याला आलेलं प्रकरणही सगळ्यांत वांधेकरी. एका प्रोग्रामात अनेक कामकरी एकाच वेळी काम करतात, त्या प्रत्येकाला थ्रेड म्हणतात. एकेकटा कामकरी चांगला. पण दोघांना एकच वस्तू लागली की घोळ सुरू. तिच्या पानावरचं जुनं उदाहरण हजारदा बरोबर चालायचं आणि एखाद्या वेळी जागच्या जागी गप्प उभं राहायचं. मोडायचं नाही, ओरडायचं नाही, नुसतं उभं. चूक कुठं आहे ते रेणूला सापडलं होतं, सुधरवूनही झालं होतं. पण वाचणाऱ्याला ते का अडकतं, हे चार ओळीत समजेल असं सांगता येत नव्हतं. पुण्याच्या चेतना मॅडम, तिच्या वरच्या, फोनवर म्हणायच्या, "रेणू, रुक्ष झालंय गं. नवशिक्याला कळलं पाहिजे."

मी ओसरीत लाखोरीची डाळ निवडत होते. ती येऊन बसली आणि मलाच सांगू लागली. "असं समज आजी, दोन मानसं आहेत आन दोन वस्तू. कामाले दोन्ही वस्तू लागतात. एकाच्या हातात एक, दुसऱ्याच्या हातात दुसरी. पह्यला म्हणते तू सोड, दुसरा म्हणते तू सोड. कोनीच नाही सोडत. जनमभर उभे."

मला हसू फुटलं. "हे तर आपल्याच घरी झालं आहे. मी आन तुहे मोठे आजोबा."

इथं मोठ्या आजोबांचं सांगितलं पाहिजे. रामलाल म्हणजे आमचे भासरे, माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ. मी या घरात सून म्हणून आले तेव्हापासून त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. भांडण नाही, तंटा नाही, रीतच तशी. भावसुनेनं भासऱ्यासमोर यायचं नाही, त्यांनीही तिला हाक मारायची नाही. त्यांची बायको, म्हणजे माझी जेठाणी सुशिलाबाई होत्या तोवर निरोप त्यांच्या मारफत. त्या गेल्या, माझा मालकही गेला. मग भासरे माझ्याच हातचं जेवू लागले आणि भिंतीशी बोलू लागले. "चहा झाला काय," हे ते भिंतीला विचारायचे आणि चहा मी द्यायची. भिंतीचा आणि आमचा संसार सुखात चालला होता.

तर तो किस्सा मी नवी असतानाचा. उन्हाळा होता, घरचे सारे लग्नाला गेलेले. घरी मी आणि बैलांसाठी थांबलेले भासरे. विहिरीचा दोर शेजारचे नेत आणि परत आणत नसत, म्हणून सासू तो सयपाकघरात दाराआड खुंटीला ठेवायची. बादली बाहेर विहिरीवर. मला डाळीला पाणी पाहिजे, मी दोर घेतला आणि मागच्या दारात आले. पाहते तर विहिरीवर भासरे, हातात बादली, दोर शोधून राहिलेले. त्यांना बैलांना पाणी पाजायचं होतं. मी झटकन पदर ओढला आणि दाराआड झाले. बांगड्या वाजल्या, म्हणजे त्यांनाही कळलं. आता मी बाहेर कशी जाऊ? आणि ते दोर कोणाला मागणार? संध्याकाळी सासू आली तेव्हा कुठं सुटका झाली. मी आत पळाले, आणि सासू अंगणात भासऱ्यांवर कशी ओरडली ते मी आतून ऐकलं. "बैल तहानले आन तू बादली धरून उभा?" तेव्हापासून सासूनं नेम केला, पहिले दोर घ्यायचा, मगच बादलीला हात लावायचा. हातात दोर नाही त्यानं बादलीकडं पाहायचंही नाही. आणि "रामलाल बादली धरून उभा" हे आमच्या नातलगांत लग्नालग्नात सांगितलं गेलं.

रेणू उठूनच उभी राहिली. "अवो आजी! हेच तर आहे. तुह्या सासूनं जो नेम केला, तोच मी कोडमध्ये केला, साऱ्याईनं वस्तू एकाच क्रमानं घ्यायच्या." आणि धावत खोलीत गेली.

मला वाटलं पोरगी खुश झाली, संपलं. तिनं ते पानावर टाकलं हे मला कोणी सांगितलं? विहीर, दोर, बादली, घरातली धाकटी सून, थोरला दीर, तहानलेले बैल, सगळं. वर दोघांचं चित्रही काढलं, दाराआड एक आणि विहिरीवर एक. लिहिलं सारं इंग्रजीत. चेतना मॅडमला भारी आवडलं. कुठल्या कुठल्या देशातल्या लोकांनी लिहून पाठवलं, की आता कळलं.

मला हे कळलं ते असं. भासऱ्यांचा नातू हिमांशू हैदराबादला याच कामात आहे. त्याला आपल्या ऑफिसात कुठं अडलं म्हणून त्यानं उत्तर शोधलं, तर समोर हे पान. त्यानं विहीर पाहिली, बादली पाहिली आणि तिथूनच आजोबाला फोन लावला. भासऱ्यांना ऐकायला कमी येतं म्हणून त्यांचा फोन सदा मोठ्या आवाजावर. मी सयपाकघरात, ते ओसरीत. हिमांशू हसत हसत एकेक ओळ मराठीत करून सांगून राहिला, आणि माझ्या हातातला झारा तसाच वर.

"आबाजी, तुम्ही जगात फेमस झाले!"

भासऱ्यांनी फोन बंद केला.   ज्या माणसासमोर मी कधी डोकं उघडं केलं नाही, त्याची फजिती मी साऱ्या जगाला सांगितली, असंच ना त्यांना वाटणार?

मी रेणूच्या खोलीत गेले. "काय केलं वो हे तू? घरातली गोष्ट बाहेर?"

"नाव नाही टाकलं आजी, कोनाचंच नाही."

"नाव कायले पाहिजे? भासऱ्याले आपली बादली ओळखू नाही येणार काय?"

जेवणाच्या वेळी अंजूनं ताट नेलं. ते परत आलं, जसंच्या तसं. वरणावर सायही मोडली नव्हती. गोवर्धन विचारायला गेला, "मोठे बाबा, तब्येत बरी नाही काय?" तर त्यांनी भिंतीकडंही पाठ केली. दुसऱ्या दिवशी सकाळचा चहाही परत. असं या घरात कधीच झालं नव्हतं. सुशिलाबाई गेल्या त्या दिवशीही माझ्या हातचं घोटभर तरी त्यांनी घेतलं होतं.

मी काय करू? जाऊन सांगावं तर बोलायची रीत नाही. ते विचारतील तर त्यांनाही रीत नाही. रेणू दोघांकडं पाहून राहिली आणि हळूच म्हणाली, "आजी, तुम्ही दोघं पुन्हा अडकले."

"तूच अडकवलं!" मी म्हटलं. "पान काढून टाक."

"काढते. पन मले वाटते ते त्याच्यासाठी नाही रुसले."

दुपारी मी चुलीपुढं बसले होते, अंजू भाजी चिरत होती. दारात काठी वाजली. मी पदर ओढला. भासरे येऊन उभे, सयपाकघराच्या उंबऱ्यावर, जिथं त्यांनी कधी पाय ठेवला नव्हता. आणि भिंतीकडं नाही, सरळ माझ्याकडं तोंड करून म्हणतात, "गोवर्धनची माय."

अंजूचा हात विळीवर थांबला. 

"बैल तहानले होते असं काऊन सांगतलं तू पोरीले?"

 रेणू आपल्या खोलीतून धावत आली.

"बैल तहानले नव्हते," भासरे म्हणाले. "मी त्याईले तलावावर नेलो. पोटभर पेले, मंग वापस आनले."

"कधी?" हे कोण बोललं म्हणून मी इकडंतिकडं पाहिलं. मीच बोलले होते. भासऱ्यांशी.

"तू दाराआड उभी होती तवा."

"खोटं!" मी म्हटलं. रेणूनं डोळे एवढे मोठे केले.

"खोटं कायले बोलू? मी बादली काठावर ठेवली आन निंगून गेलो. घे म्हटलं तुले पाहिजे तर."

"आवाज नाही आला मले."

"आवाज कायले करू? बादली आपटली असती तर भावसुनेले हाक मारल्यावानी झालं असतं. हलकेच ठेवली. अनवानी पायानं गेलो."

"थांबा, थांबा," रेणू मध्ये पडली. "मोठे आजोबा, म्हणजे बादली मोकळी होती?"

"सारी दुपार मोकळी होती."

"आन आजी?"

"बैल पाजून मी वापस आलो, खुट्याले बांधून राहिलो, तरी ही दाराच्या फटीत उभीच दिसली. पदर हनुवटीपर्यंत. दोर हातात. तेवढ्यात माय आली. विहिरीजवळ मी, बादलीजवळ मी, तिनं मलेच धरलं."

 म्हणजे त्या दिवशी विहिरीवर कोणी नव्हतंच. मी इतका वेळ कोणासमोर पदर घेऊन उभी होते? कावळ्यासमोर?

"मंग तुम्ही तुमच्या मायले सांगतलं काऊन नाही?" रेणूनं विचारलं. "इतकी वर्षं लोक तुम्हाले हसत राहिले."

भासरे काठीवर टेकले. म्हणाले, "काय सांगू? नवी सून रिकाम्या विहिरीले पदर घेऊन दिवसभर उभी राहिली, असं सांगू? नवी होती ती या गावात. लोकाईनं तिले पाहून रोज हसलं असतं. मी तर इथलाच. माह्यावर हसले तर काय होते."

अंजू पदरानं डोळे पुसायला लागली. मी नाही पुसले. मला रडू येण्याइतकं भानच नव्हतं. जन्मभर मी समजून होते की या माणसाच्या हट्टानं मी दाराआड उभी राहिले. आणि हा माणूस माझी फजिती आपल्या डोक्यावर घेऊन लग्नालग्नात बसला, वरून लोकांसोबत हसला.

"आता का रुसले मंग?" रेणू म्हणाली.

"गावानं हसलं, ते चालते. गावाले माहीत आहे मी बैल कसे ठेवले. आता साऱ्या जगानं वाचलं, का रामलालनं बैल तहानले ठेवले. हे नाही चालत. मानूस उपाशी राहीन, बैल नाही राहत माह्या घरी."

रेणूनं कपाळाला हात लावला. मला वाटलं ती माफी मांगेल. पण तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. "म्हणजे माझं उदाहरणच चुकलं," ती म्हणाली. "एकमेकाले अडवून तुम्ही कोनी उभंच नव्हतं. यानं केव्हाच सोडलं होतं, पन सोडलं असं कळवलं नाही. तिले कळलं नाही म्हणून ती वाट पाहत राहिली. हा वेगळा रोग आहे. याचं वेगळं पान पाहिजे. इथं दोर पह्यले का बादली पह्यले, ह्या नेमानं काहीच होत नाही. जो सोडते त्यानं आवाज दिला पाहिजे."

"मी तेच सांगून राहिलो," भासरे म्हणाले, जरी ते असं काही सांगत नव्हते.

रेणूनं तिथंच चेतना मॅडमला फोन लावला, आवाज मोठा करून. मॅडमला पटेना. "अगं, सगळ्यांना आवडलंय ते उदाहरण. लोक वाखाणतायत. कशाला बदलतेस? कोणी तक्रार केली का?"

"हो, मॅडम."

"कोणी?"

"दुसऱ्या थ्रेडनं. तो आमच्याच घरी राहतो."

"काय?" मॅडम म्हणाल्या. मग रेणूनं सगळं सांगितलं. मॅडम हसल्या, मग हसायचं थांबल्या, आणि म्हणाल्या, "ठीक आहे, दोन वेगळी पानं कर. पण बैल काढ. त्यांचा कोडशी काय संबंध?"

भासऱ्यांची काठी जमिनीवर वाजली. रेणू म्हणाली, "मॅडम, बैल राहतीन. नाही तर दोन्ही पानं राहू द्या, मी नाही लिवत." मला वाटलं, नोकरी गेली की काय पोरीची! पण मॅडम म्हणाल्या, "बरं बाई, राहू देत."

फोन ठेवून रेणू माझ्याकडं वळली. "आता तुले विचारते, आजी. खरं लिवलं तर हसू तुह्यावर येईन. रिकामी विहीर, आन तू पदर घेऊन उभी. लिवू का नको?"

सयपाकघरात सारे माझ्याकडं पाहून राहिले. भासऱ्यांनी मान खाली घातली. म्हणाले, "तिले नसेल पटत तर राहू द्या. बैलाचं तेवढं बदला."

इतकी वर्षं झाकलं, तरी हा माणूस आजही झाकायला तयार! मला शरम आली आणि रागही आला. मी म्हटलं, "लिव वो. मी कावळ्याले पदर घेतला असं लिव. पन त्याच्या पह्यले बैल पानी पेले असं लिव."

भासरे पाटावर बसले. अंजूनं ताट वाढलं, आणि ते जेवले, माझ्यासमोर, मी चुलीपाशी बसलेली असताना. भाजीत मीठ कमी आहे असंही मलाच सांगितलं. भिंत होती तेव्हा मिठाची तक्रार कधी आली नव्हती.

नवं पान झालं तेव्हा रेणूनं ओसरीत बसून आम्हाला दोघांना ते मराठीत वाचून दाखवलं. आमची दोघांची नावं कुठंच नाहीत. बैलांची मात्र आहेत, खैऱ्या आणि भुऱ्या, भासऱ्यांनीच सांगितलेली. त्यात लिहिलं आहे की दिरानं बादली न वाजवता ठेवली, बैल तलावावर नेले, आधी भुऱ्या पाणी पेला, मग खैऱ्या, आणि सुनेला यातलं काहीच कळलं नाही.

भासऱ्यांनी हात वर केला. "चुकलं."

"आता काय चुकलं?" रेणू म्हणाली.

"भुऱ्या पह्यले नाही पेला. खैऱ्या पेला. भुऱ्या सदा त्याची वाट पाहे."

रेणूनं कॉम्प्युटर पुन्हा मांडीवर ओढला. भासरे माझ्याकडं वळले, "गोवर्धनची माय, तूच सांग, कोन पेला पह्यले?"

"मी कुठं पाहिलं जी," मी म्हटलं. "मी तर दाराआड होते."